वधूवरांच्या पानावरची मिरची

मृग लागायला पंधरा-वीस दिवस होते, तेव्हा मी घरात जाहीर केलं की यंदा रोपांसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद. घरातल्याच टाकाऊ वस्तूंच्या कुंड्या करायच्या आणि कुंडीसकट रोप मातीत लावायचं. काकडी, दोडका, भोपळा या मंडळींना मुळांना हात लावलेला खपत नाही. कुंडीच कुजून गेली, तर रुसायला कारण उरत नाही. सासूबाई म्हणाल्या, "बरं. आधी वरण वाढ."

पहिली पंचाईत अशी, की आमच्या घरात टाकाऊ काही नव्हतंच. सासूबाई कोकणातल्या. त्यांच्या राज्यात वर्तमानपत्र आधी फडताळात अंथरलं जातं, मग त्यावर भाजी निवडतात, मग त्याने आरसा पुसतात. मी रद्दीतून चार किलो उचलले, तर त्यांनी रद्दीवाल्याच्या भावाने मी किती देणं लागते ते सांगितलं.

कागदाची कुंडी तशी सोपी. लांब पट्टी कापायची, स्टीलच्या पेल्याभोवती दोन-तीन वेढे द्यायचे, बुडाशी उरलेला कागद आत दुमडून पेला फरशीवर दाबायचा आणि अलगद काढून घ्यायचा. डिंकसुद्धा लागत नाही. फक्त कागदाची कड मातीच्या वर ठेवायची नाही. ती वातीसारखी पाणी ओढून घेते आणि माती सुकते. हे कळेपर्यंत माझे दहा अग्रलेख कोरडे पडले होते. पुरवणीचा गुळगुळीत कागद तर वापरूच नका. त्या आलिशान फ्लॅटच्या जाहिरातींत पाण्यालाही शिरता येत नाही, मग आपलं काय! सगळ्यात आधी मिरची उगवली ती वधूवरांच्या पानात. 'शांत, सोज्ज्वळ' या शब्दांच्या बरोबर वर.

मग कोणीतरी सांगितलं, अंड्याची टरफलं उत्तम. बुडाला टोचा मारायचा आणि लावताना टरफल हाताने चेचायचं, कारण ते लवकर कुजत नाही. आमचं घर शाकाहारी. त्यामुळे रात्री साडेनऊला नाक्यावरच्या भुर्जीच्या गाडीवर मी कापडी पिशवी घेऊन उभी! गाडीवाला म्हणाला, "ताई, नुसती टरफलं? भुर्जी नको?" मागून ओळखीचा आवाज आला, "माझी झालीच." आमचे अहो. दर मंगळवारी मीटिंग असते म्हणणारे.

टरफलं घरात आली नाहीत. चातुर्मास तोंडावर होता.

नारळाच्या करवंटीला तीन डोळे, त्यातला एक मऊ. तो टोचला की पाणी जायला भोक तयार. मी खूश. सासूबाईंनी करवंटी वाजवून पाहिली. "ही कुजायला तुझं आयुष्य नाही पुरायचं," म्हणाल्या, आणि सत्यनारायणाचे उरलेले पळसाचे द्रोण काढून त्यात भोपळ्याच्या बिया टोचून मोकळ्या झाल्या. पुढे एकही शब्द न बोलता. तो भोपळा आता गच्चीच्या कठड्यावर गेलाय.

मिरच्याही बऱ्या आहेत. फक्त कागद पुरत नाही, म्हणून हल्ली आम्ही दोन वर्तमानपत्रं घेतो. त्यातलं एक वाचायला.