पंगत उठल्यावरचा लाडू

नाताळात घेतलेल्या आयपॉड टचचं खोकं अजून माळ्यावरही गेलं नव्हतं. तेवढ्यात, 15 जानेवारी 2008 ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यासपीठावरून स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर केलं की आता त्यात ई-मेल, नकाशे, हवामान, शेअर बाजार आणि टिपणवही अशा पाच सोयी मिळणार. इथून पुढे घेणाऱ्याला त्या आतच घातलेल्या. ज्याने आधीच घेतलाय त्याने मात्र वीस डॉलर मोजायचे. म्हणजे पहिल्या पंगतीला हौसेने बसले त्यांना लाडू विकत, आणि दुसऱ्या पंगतीला डुलत डुलत आले त्यांच्या पानात आधीच वाढलेला. आयफोनवाल्यांच्या पानात तर हे पाचही पदार्थ पहिल्यापासून होते. शिवाय त्यांना त्याच दिवशी निघालेली सॉफ्टवेअरची नवी आवृत्तीही फुकट.

त्या पाचांतली टिपणवही जरा जवळून बघा. पिवळा कागद, त्यावर रेघा, आणि वरच्या कडेला पानं फाडून नेल्यावर राहतात तशा चिंध्या. पैसे मोजून घेतलेली कोरी वही, आणि पानं आधीच कुणीतरी फाडलेली! आमचा कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला अशी वही देतो, पण चार आणे कमी करून देतो.

निव्वळ हावरेपणा म्हणून सोडून दिलं असतं, पण प्रकरण हिशेबाचं होतं. आयफोनची कमाई कंपनी 24 महिन्यांवर पसरून वहीत मांडायची. गिऱ्हाइकाचं पान अजून उचललेलं नाही, त्यामुळे मधे काहीही वाढायला मोकळीक. आयपॉडचे पैसे मात्र विक्रीबरोबरच जमा. पंगत उठली, उष्टी काढली, शेण फिरवलं. आता मागाहून फुकट लाडू आणलात, तर हिशेबनीस विचारणार, जेवण पुरं झालंच नव्हतं तर सगळे पैसे आधीच कसे मांडलेत? म्हणून लाडू विकायचा. वर्षभर आधी काही मॅकमध्ये मुळातच बसवलेलं वेगवान वाय-फाय नुसतं जागं करायला त्यांनी 1.99 डॉलर लावले होते, तेव्हाही कारण हिशेबाच्या नियमांचंच. नियम म्हणत होता किंमत लावा. दोन लावा की वीस, याबद्दल तो काही बोलत नव्हता. तेवढं कंपनीने स्वतःच्या बुद्धीने भरलं.

तिकडचे हिशेबनीस एवढे सोवळे झाले त्यालाही इतिहास आहे. डिसेंबर 2001 मध्ये एन्रॉनने दिवाळं काढलं, वह्यांमधले खेळ उघडे पडले, आणि 2002 साली सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला. तेव्हापासून ताळेबंदाखाली सही करताना मोठ्या साहेबांचा हात थोडा कापतो. एन्रॉन म्हणजे कोण हे मराठी माणसाला सांगायला नकोच. गुहागर तालुक्यात अंजनवेलला तिचा वीजप्रकल्प, आणि त्या विजेचा भाव बघून वीज मंडळाच्या तोंडचं पळालेलं पाणी! बाई गेली, पण सवय गेली नाही. तिच्या पापाचं सोवळं नेसायचं हिशेबनिसांनी, आणि धुण्याचे पैसे द्यायचे आयपॉडवाल्याने.

तो देत राहिला. जुलै 2008 मध्ये दुसरी मोठी आवृत्ती आली, 9.95 डॉलर. जून 2009 मध्ये तिसरी, पुन्हा 9.95. मग त्याच वर्षी अमेरिकेत हिशेबाचे नियमच बदलले, आणि जून 2010 मध्ये चौथी आवृत्ती आयपॉड टचवाल्यांनाही फुकट मिळाली. नाताळातल्या आमच्या गिऱ्हाइकाला भरून आलं असेल. त्याने वायर शोधली, आयपॉड कॉम्प्युटरला जोडला, आणि वाट बघत बसला.

ती आवृत्ती पहिल्या पिढीच्या आयपॉड टचवर चालत नव्हती.