पाटा अजून समुद्रातच आहे

रॉटरडॅम, रविवार रात्र

ती. अण्णा आणि सौ. आईस शि. सा. नमस्कार.

आई, पाटा-वरवंटा अजून पोचला नाही. तू रोज फोनवर विचारतेस आणि मी रोज "येईल" म्हणतो. आज मात्र आम्ही थेट बंदरावरच जाऊन बसलो. 2023 च्या अखेरीला लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बरीच जहाजं सुएझ सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालतात. न्हावा शेव्यातून निघालेला आपला पाटाही त्याच वळशाला लागलाय. वास्को द गामा 1498 साली ज्या वाटेनं आपल्याकडं मसाल्याच्या मागं आला, त्याच वाटेनं हा मसाला वाटायला उलटा निघालाय.

इथल्या मराठी मंडळींना आपलं गाव वाशी म्हटलं की मुंबईच्या खाडीपुलाजवळची वाटते. "मग तुम्हाला बंदराची सवय असेल," म्हणतात. आपल्या वाशीत उन्हाळ्यात पाणी टँकरनं येतं, हे सांगायचं जिवावर येतं.

बंदराच्या या भागाचं नाव मासव्लाक्टे. समुद्रात वाळू ओतून केलेली जमीन. त्यातला नवा भाग 2013 ला सुरू झाला. अण्णा, वाळूचा ठेका कुणाला होता ते विचारू नका, मीही पहिल्यांदा तेच विचारलं. वारा असा, की सूनबाईनं डबा उघडला आणि वरचं धपाटं उडालं. खाली पडायच्या आत सीगलनं उचललं. दुसऱ्यासाठी त्यानं भावकी बोलावली.

तेवढ्यात जहाज आलं. 400 मीटर लांब, म्हणजे आपल्या लाल एस.टी. एकामागं एक 33 लावा. असल्या जहाजावर 20 फुटी डबे 24,000 मावतात. त्याच्यापुढं टग, म्हणजे जहाज ओढणारी छोटी बोट, डोंगराला मिनी ट्रॅक्टर जुंपल्यागत.

पुढचं टग ओढत होतं, ते कळलं. मागं मात्र वेगळंच चाललेलं. जहाजावरच्या नारंगी कपड्यातल्या माणसानं बारीक दोरी खाली सोडली. टगवरच्या गड्याची पहिली झेप हुकली, दुसरीत ती हाताला लागली. त्यानं तिला जाडा दोर बांधून वर दिला, आणि जहाज पुढं चाललेलं असताना हे टग त्याला मागं ओढायला लागलं! चिन्या म्हणाला, "बाबा, यांचं भांडण झालंय."

दुर्बीण घेऊन बसलेल्या एका डच आजोबांनी उलगडा केला. जहाजाला ब्रेक नसतो. सुकाणूवर पाण्याचा जोर असेल तोवरच ते वळतं; वेग कमी केला की सुकाणू नुसतं नावाला. त्यात डब्यांची भिंत शिडासारखी वारा धरते. म्हणून मागचं टग. उतारावर भरल्या गाडीला मागून दोर लावून गडी टाचा रोवत चालतो ना, तसंच.

पुढं तर त्यांनी ते धूड धक्क्यासमोर अख्खं फिरवलं आणि उलटं आत घेतलं. अण्णा, तुमची फार आठवण आली. उसाची डबल ट्रॉली मागं घेताना पहिली डावीकडं जाते, दुसरी उजवीकडं, आणि तुम्ही बांधावर उभ्या असलेल्या सगळ्यांचा उद्धार करता. इथं एक शिवी ऐकू आली नाही. बंदराचा पायलट भर समुद्रात दोराच्या शिडीनं जहाजावर चढतो आणि वायरलेसवरून टगांना सांगतो, थोडं ओढा, पुरे, थांबा. त्याला एकदा तुमच्या हाताखाली ठेवला पाहिजे.

"यात आपला पाटा आहे?" चिन्यानं विचारलं. मी ठोकून दिलं, "आहे." पोरगं हात हलवत बसलं. घरी येऊन मोबाइलवर पाहिलं, तर पाट्याचं जहाज सेनेगलसमोर.

तोवर मिक्सरचीच शेंगदाण्याची चटणी खातोय. आई, तिला चव नाही, हे मान्य. पण फोनवर सूनबाईला मी असं लिहिलंय ते सांगू नकोस.

तुमचा,
बाळू