कोल्ड लीड नसतेच

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून कोणत्याही दिशेला दहा मिनिटं चाललं की एखादं सेल्स ऑफिस लागतं. बाहेर झेंडे, आत एसी, काचेच्या पेटीत इमारतीचं मॉडेल आणि त्या मॉडेलमधल्या अंगठ्याएवढ्या झाडांखाली कधीही न भांडणारी चौकोनी कुटुंबं. सकाळी दहाच्या सुमारास आतून टाळ्या ऐकू येतात. नव्या माणसाला वाटतं, बुकिंग झालं असावं. बुकिंग झालेलं नसतं. सरांची मीटिंग चालू असते.

सर म्हणजे सेल्स मॅनेजर. मीरा-भाईंदरमध्ये ते घाऊक मिळतात. चेहरे वेगळे असतात, पण निळा ब्लेझर, दोन फोन आणि उत्साह तोच. आमचे सर या जातीचा उत्तम नमुना. मी कोपऱ्यात बसून अ‍ॅग्रीमेंटचे कागद बघायचो. मला टार्गेट नव्हतं, त्यामुळे सरांकडे निवांत बघता यायचं. मी वयाने मोठा म्हणून ते मला 'काका' म्हणत. बाकी सगळे त्यांच्या लेखी 'चॅम्पियन'. चहा आणणाराही चॅम्पियन आणि त्याने चहा सांडला तरी चॅम्पियन.

मीटिंगमध्ये गोल उभं राहायचं आणि प्रत्येकाने कालचा आपला एक 'विन' सांगायचा. रोज फ्लॅट विकला जात नाही, त्यामुळे विनची व्याख्या सरांनी बरीच ऐसपैस केली होती. एक जण म्हणाला, "सर, कस्टमरने फोन कापला."

"कितने रिंग के बाद?"

"दो."

"मतलब नंबर पढ़ा! क्लॅप्स!"

दुसरा घाबरत म्हणाला, "सर, तो बोलला, परत फोन केलास तर पोलिसात जाईन." सर क्षणभरच थांबले. "भाई, उसने तुझे याद रखा है. इसको बोलते हैं रिकॉल व्हॅल्यू!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोलिसात जाणाऱ्याचं नाव 'वॉर्म'मध्ये गेलं.

लीडचे, म्हणजे संभाव्य गिऱ्हाइकांचे, 'हॉट', 'वॉर्म' आणि 'कोल्ड' असे तीन रकाने सगळीकडे असतात. सरांनी आल्या दिवशी तिसरा रकाना पुसून टाकला. "कोल्ड लीड नसतेच. 'नाही' म्हणजे 'आत्ता नाही'." एका गिऱ्हाइकाने कळवलं की त्याने नालासोपाऱ्याला घर घेतलंसुद्धा. मुलगा त्याचं नाव खोडायला गेला, तर सरांनी त्याचा हात धरला. "दोन वर्षं लटकू दे त्याला विरार लोकलला. तिसऱ्या वर्षी येतो की नाही बघ." दुसरा एक नोकरीसाठी दुबईला गेला. सरांनी त्याला एनआरआय विभागात बढती दिली. तो विभाग त्याच दिवशी सुरू झाला.

सर या धंद्यात आले ते सुपर बिल्ट-अपच्या काळात. तेव्हा फ्लॅटच्या आकड्यात जिना, लिफ्ट, पॅसेज, सगळ्यांचा वाटा मिसळलेला असे आणि घरात कपाट ठेवायला गेलं की आकडा निम्म्यावर यायचा. १ मे २०१७ पासून महारेराचा अंमल सुरू झाला आणि कार्पेट एरिया सांगणं भाग पडलं. फ्लॅट कायद्याने सरळ झाले, सरांची आशा मात्र सुपर बिल्ट-अपच राहिली. "या महिन्यात बारा बुकिंग दिसतायत," असं ते म्हणाले की त्यातला जिना, लिफ्ट आणि पॅसेज आपण मनातल्या मनात वजा करायचा. उरेल ते कार्पेट. बहुधा दोन.

पुढे महारेराने जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला. ऑगस्ट २०२३ पासून तो प्रत्येक पत्रकावर आहे. स्कॅन केला की प्रकल्पाची खरी माहिती कळते. सरांच्या भाषणावर असा कोड लावण्याची तरतूद अजून झालेली नाही.

पण सगळा दोष सरांना देऊन चालणार नाही. हे शहरच भविष्यकाळात बोलतं. १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महापालिका झाली, आणि दरम्यान मिठागरांच्या कडेकडेने इमारती अशा उगवल्या की रस्ता, पाणी आणि शाळा त्यांच्या मागून धापा टाकत आल्या. इथल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न किंमत नसतो, "पाणी किती वेळ येतं?" हा असतो. तो आला की पोरांचे चेहरे उतरायचे. सर खुर्ची पुढे ओढून एकच शब्द म्हणायचे, "सूर्या." मग सूर्या धरणाच्या योजनेतला मीरा-भाईंदरचा वाटा, रोजचे २१८ दशलक्ष लिटर, ते अशा आवाजात सांगत की समोरच्या बाईंना ते सगळं पाणी आपल्याच मोरीत येणार असं वाटायचं. मेट्रोचंही तसंच. काशिमीऱ्याहून भाईंदरकडे जाणारा रस्ता खांबांच्या कामाने कोंडला, गिऱ्हाईक तासभर अडकून घामाघूम होऊन आलं, की सर दारातच अभिनंदन करायचे, "साहेब, तुम्ही आत्ता ज्या ट्रॅफिकमध्ये बसलात ना, तीच तुमची गुंतवणूक आहे!"

पंचांगातही सरांना वाईट दिवस सापडत नसे. पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे तर हक्काचे. पितृपक्षात टोकन द्यायला कोणी फिरकत नाही, ऑफिसात माश्यासुद्धा येत नाहीत. सर म्हणायचे, "लोक या पंधरवड्यात निर्णय घेऊन ठेवतात. घटस्थापनेला फक्त चेक घेऊन येतात." पावसात सॅम्पल फ्लॅटच्या छताला ओल आली, तर सर त्या खोलीत गिऱ्हाईक न्यायचे थांबले नाहीत. "आपण काही लपवत नाही," असं त्यांनी ठणकावून सांगितलं आणि गिऱ्हाइकाला खिडकीकडे तोंड करून उभं केलं.

सरांच्या उत्साहाला शास्त्राचा आधारही होता. मार्टिन सेलिगमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीच्या विमा एजंटांचा अभ्यास केला. आशावादी निम्म्यांनी पहिल्या दोन वर्षांत निराशावादी निम्म्यांपेक्षा ३७ टक्के जास्त धंदा केला, असं त्यात निघालं. कारण साधं होतं. नकार आला की निराशावादी म्हणतो, मी नालायक आहे. आशावादी म्हणतो, याची आज वेळ बरी नाही, पुढचा नंबर लावा. सरांनी यातला फक्त ३७ हा आकडा उचलला आणि भिंतीवर लावला. महिनाअखेरीला विक्री शून्यावर असली की ते त्याच्याकडे बोट दाखवायचे. शून्याचे ३७ टक्के किती, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर सर म्हणजे फुगा, असं म्हणून मोकळा झालो असतो. पण माझं टेबल त्यांच्या केबिनच्या पार्टिशनला लागून होतं.

महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला बिल्डरसाहेबांचा फोन यायचा. तो स्पीकरवर नसायचा, तरी मला ऐकू यायचा. "ते आठ रेडे पोसतोय का मी? उद्यापासून एकेकाला घरी बसव. आणि तू पण बस." सर "जी सर, बरोबर सर, नक्की सर" एवढंच म्हणत. मग केबिनमध्ये मिनिटभर शांतता. ड्रॉवर उघडल्याचा आवाज, गोळीची पट्टी कुरकुरल्याचा आवाज. मग दार उघडून सर बाहेर येत, दोन्ही हात पसरत. "टीम! अभी मॅनेजमेंट का कॉल था. वो लोग हम सबको बहुत क्लोजली देख रहे हैं. पर्सनली, एकेक को!" पोरांची छाती फुगायची. यात खोटं काय होतं? काहीच नाही. वरून निघालेली शिवी खाली पोचेपर्यंत तिची शाबासकी झालेली असायची. हे शुद्धीकरण सर नेमकं कुठे करत, ते मला कळलं नाही. त्यांना अ‍ॅसिडिटी होती, एवढं माहीत आहे.

एका मुलाचं दोन महिने एकही बुकिंग नव्हतं. इन्सेंटिव्ह नाही, खोलीचं भाडं थकलेलं. मीटिंगमध्ये तो टाळ्याही अर्ध्याच वाजवायचा. एक दिवस सरांनी भाईंदरच्या एका जोडप्याला स्वतः साइट दाखवली, स्वतः भाव जमवला, टोकन घेतलं आणि फॉर्मवर नाव त्या मुलाचं लिहिलं. फॉर्म माझ्याकडे आला तेव्हा मी चष्म्यावरून बघितलं. "काका, सोर्सिंग त्याचंच होतं," सर म्हणाले. सोर्सिंग त्याचं नव्हतं. ते जोडपं बाहेर सावलीला उभं होतं, ते सरांनीच आत आणलं होतं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सरांनी त्या मुलाच्या 'किलर इन्स्टिंक्ट'वर असं भाषण केलं की तो आधी लाजला, मग त्याला ते खरं वाटायला लागलं. पुढच्या महिन्यात त्याने दोन फ्लॅट एकट्याने विकले. निव्वळ गैरसमजातून.

हजारो चौरस फूट विकणारे सर स्वतः भाड्याने राहत. अकरा महिन्यांचा करार संपला की मालक भाडं वाढवायचा आणि सर शांती पार्कमधून सिल्व्हर पार्कमध्ये, तिथून गोल्डन नेस्टला सरकायचे. प्रत्येक वेळी ग्रुपवर टेम्पोसकट फोटो यायचा आणि खाली 'न्यू बिगिनिंग्ज!' घरी या पॉझिटिव्हिटीचं काय होत असेल, याचा अंदाज एकदाच आला. फोनवर त्यांची बायको स्पष्ट ऐकू आली, "मला चॅम्पियन म्हणू नका. गॅस संपलाय."

शेवटी बिल्डरसाहेबांनी शब्द खरा केला आणि सरांना घरी बसवलं. निरोपाचा केक सरांनीच मागवला आणि भाषणही त्यांनीच केलं. पोरं रडायला लागली तेव्हा त्यांनी एकेकाची समजूत काढली. बघणाऱ्याला वाटलं असतं, नोकरी पोरांची गेली आहे.

दहा दिवसांनी रस्त्यापलीकडच्या प्रकल्पातून सकाळी टाळ्या ऐकू येऊ लागल्या. आमच्या आठांपैकी सहा जण महिनाभरात तिकडे गेले. पगार तोच, इन्सेंटिव्ह किंचित कमीच. आमच्याकडे नवे मॅनेजर आले. ते बिल्डरचा फोन स्पीकरवर घेतात. आता सगळ्यांना सगळं खरं कळतं आणि दहा वाजता कोणी टाळ्या वाजवत नाही. विक्री वाढली म्हणावं, तर तसंही नाही.

मग एका संध्याकाळी मला फोन आला. "काका, इथे डॉक्युमेंटेशनला माणूस हवाय. उत्तम संधी आहे. कधी येताय?"

मी म्हटलं, "सर, माझं इथे बरं चाललंय. नाही जमणार."

"काही हरकत नाही, काका!" ते इतक्या आनंदाने म्हणाले की मीच जणू होकार दिला असावा. नंतर त्यांच्याकडे गेलेल्या पोरांपैकी एकाने कळवलं, तिथल्या शीटवर माझं नाव आहे. 'वॉर्म'मध्ये. फॉलो-अप: दर सोमवारी.