दुसऱ्याचं बोलणं कसं फिरवावं: घाटावर आणि घाटाखाली सारखीच चालणारी पद्धत

साहित्य: एक साधं वाक्य, ते बोलणारा एक भला माणूस आणि बघायला चार जण. बुलडाणा जिल्ह्यात कुठल्याही पारावर हे फुकट मिळतं. खरं बोलायची तयारी लागत नाही; नीट ऐकायची मात्र लागते. ऐकलंच नाही, तर फिरवणार काय?

१. वाक्याला गाव जोडा. शेगावात समोरचा म्हणाला, "आजची कचोरी जरा तेलकट हाये." आपण कचोरीवर बोलायचंच नाही. "काहून भाऊ, आमचं शेगाव खराब हाये काय?" तो कचोरी विसरून शेगावचे गोडवे गाऊ लागेल. शेगाव घाटाखालचं, म्हणून तो घाटावरचा, चिखली-मेहकरकडचा असेल, तर काम अर्ध्या वेळात होतं.

२. शेपूट छाटा. सरावासाठी भेंडवळची घटमांडणी उत्तम. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी शेतात घट मांडतात: अठरा धान्यं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, राजासाठी, म्हणजे राज्यकर्त्यासाठी, पान-सुपारी. दुसऱ्या पहाटे त्यावरून भाकीत सांगतात. ते ऐकून आलेले काका म्हणतात, "जूनमंधी पाऊस कमी सांगतला, पन जुलैत बरा हाये. जमीन ओली झाली का मंग पेरजा." आपण "कमी"पाशी थांबायचं आणि गावभर सांगायचं, "काका म्हन्ते, यंदा पेरूच नका!" जुलैत पाऊस लागला, की छाटलेलं शेपूट बाहेर काढायचं: "मी तवाच म्हनलं होतं." एका वाक्यात दोन पिकं निघतात. काकांनी राजाच्या सुपारीचा नुसता उल्लेख केला, तर ते कोणत्या पक्षाचे हेही लगेच जाहीर करून टाकावं.

३. पायऱ्या चढवा. लोणार सरोवराचं पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं, ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे, असं एखादे मास्तर सांगतील. पहिली पायरी: "म्हंजे चमत्कार नव्हता?" दुसरी: "म्हंजे तुम्ही देव मानत नाई?" तिसरी: "मंग काठावरच्या कमळजा मातेच्या दर्शनाले कायले येता?" सूक्ष्मजीव राहिले बाजूला, मास्तर आता आपण कधीपासून उपवास धरतो ते सांगत बसतात.

४. अंगाशी आलं तर हसा. "मजाक केली ना भाऊ! तुम्ही तं मनालेच लावून घेतली." आता गुन्हेगार तोच. त्याला विनोद कळत नाही.

खबरदारी: एका प्रकारच्या माणसापासून लांब राहा. बहुधा ती एखादी आजी असते. ती चिडत नाही, खुलासा देत नाही. सुपारी कातरता कातरता एवढंच म्हणते, "थांब बाप्पा. मी काय म्हनलं, ते पह्यले जसंच्या तसं सांग."

याच्यावर या पद्धतीत तोड नाही. आपण नीट ऐकलेलं असतं, त्यामुळे वाक्य पाठ असतं आणि ते नाकारता येत नाही. अशा वेळी "मलकापूरची एसटी लागली" म्हणून उठावं. एसटी लागलेली नसली तरी उठावं.