चषकाध्यक्ष

निवृत्तांच्या गोल्फ क्लबात तीन प्रकारचे सभासद असतात : खेळणारे, खेळायचे थांबलेले आणि चषक झालेले. या तिघांचा हिशेब ज्यांच्याकडे असतो, त्यांना चषकाध्यक्ष म्हणावं. क्लबाच्या घटनेत हे पद स्पर्धा समितीच्या खाली कुठेतरी बसवलेलं असतं. पण अध्यक्ष बदलतात, खजिनदार बदलतात, चषकाध्यक्ष बदलत नाहीत. त्यांच्या जागेसाठी कधी कुणी अर्जच करत नाही.

हे गृहस्थ पाहायचे तर अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या सन सिटीसारख्या वसाहतीत जावं. डेल वेब नावाच्या बिल्डरने फिनिक्सजवळच्या कापसाच्या रानात १ जानेवारी १९६० रोजी ही वसाहत खुली केली, तेव्हा दाखवायला पाच नमुना घरं होती, दुकानं होती, करमणूक केंद्र होतं आणि गोल्फचं मैदान होतं. पहिल्या दोन-तीन दिवसांतच लाखभर माणसं बघायला आली. म्हातारपण ही झुरण्याची नव्हे तर खेळण्याची गोष्ट आहे, असा शोध लागला आणि १९६२ मध्ये वेबसाहेब ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकले. अशा वसाहतींसाठीच्या कायद्याप्रमाणे निदान ऐंशी टक्के घरांत एक तरी माणूस पंचावन्न किंवा त्याहून जास्त वयाचा लागतो. प्रत्यक्षात पंचावन्नचा माणूस क्लबात आला, तर त्याला खुर्च्या हलवायला सांगतात.

आपले चषकाध्यक्ष ऐंशीच्या पुढचे. सारी नोकरी ओहायो किंवा मिनेसोटाकडच्या एखाद्या विमा कंपनीत झालेली. कोण साधारण किती वर्षं जगेल याचे तक्ते मांडणं हेच काम, त्यामुळे या पदासाठी लागणारा अनुभव पुरेपूर. बाकीचे गोल्फर एकाच हातात मोजा घालतात. हे दोन्ही हातांत घालतात, तेही पांढरे सुती. चांदीला बोटं लागता कामा नयेत. चांदी म्हणजे मुलामा, हे फक्त त्यांना आणि दुकानदाराला ठाऊक. कपाटाची किल्ली गळ्यात. कपाट काचेचं, भिंतभर, आत दिवे. प्रत्येक चषक कुणा ना कुणा दिवंगत सभासदाच्या नावाने. त्याला लाकडी बैठक आणि बैठकीवर वर्षावर्षाच्या विजेत्यांच्या पितळी पट्ट्या. कोरणारा अक्षरागणिक पैसे घेतो, म्हणून आखूड आडनावाचा माणूस जिंकला की खजिनदार जरा जास्त टाळ्या वाजवतो.

आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं रंगवलेलं असतं आणि पंखा सुरू झाला की कैलासवासी दिसेनासे होतात. चषकाध्यक्षांच्या फिरत्या चषकांना ही भीती नाही, कारण ते फिरतच नाहीत. त्यामागे इतिहास आहे, आणि तो ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नाही. ब्रिटिश ओपनला सुरुवातीला चषक नव्हता, कातडी पट्टा होता. सलग तीनदा जिंकेल त्याला तो कायमचा, असा नियम. धाकट्या टॉम मॉरिसने १८६८, ६९ आणि ७० साली जिंकून पट्टा घरी नेला. बक्षीसच उरलं नाही, म्हणून १८७१ साली स्पर्धा झाली नाही! “बोध?” चषकाध्यक्ष विचारतात आणि स्वतःच सांगतात, “कायमचं काही देऊ नये.” दुसरी कथा वॉल्टर हेगनची. हा गडी पीजीए स्पर्धा लागोपाठ जिंकायचा. चषक मागितला की “पुन्हा मीच जिंकणार, आणायचा कशाला?” म्हणायचा. पुढे हरला तेव्हा कळलं, चषक केव्हाच हरवला होता. म्हणे टॅक्सीत विसरला. काही वर्षांनी तो डेट्रॉइटमधल्या एका तळघरात सापडला. बोध : घरी नेऊ देऊ नये. म्हणून इथला विजेता चषकासोबत फोटो काढून घेतो, छोटी प्रतिकृती घेतो आणि हात पुसून जेवायला बसतो.

कुठला चषक कशासाठी, हे ठरवण्यात चषकाध्यक्षांची खरी प्रतिभा. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हा दंडक ते इतका कडक पाळतात की माणसाचा जो अवगुण, त्याच्या उलट्या गुणाला त्याचं नाव देतात. आयुष्यभर आठ फटके मारून कार्डावर सहा लिहिणाऱ्याच्या नावाने सचोटीचा चषक आहे. ज्यांच्या मागे अडकलेल्या चौकडीला पुढच्या होलवर जाईपर्यंत भूक लागायची, त्यांच्या स्मरणार्थ जलद खेळाचा. क्लब झाडावर फेकून मारणाऱ्या गृहस्थांच्या नावाने खिलाडूवृत्तीचा. तो घेताना विजेत्याला झाडाकडे बघून हसू आवरावं लागतं.

एकदाच हा दंडक मोडला. एक बाई चेक घेऊन आल्या.

“ह्यांना पटिंगची फार आवड होती हो.”

“आवड होती,” चषकाध्यक्ष शब्द जपून म्हणाले.

“येत नव्हतं, हे मलाही माहीत आहे. चाळीस वर्षं घरातल्या गालिच्यावर बघितलंय मी. चेंडू होलात ढकलायला ज्याला सगळ्यात जास्त पट लागतील त्यालाच द्या.”

आज क्लबात सर्वांत चुरस त्याच चषकासाठी असते. प्रामाणिकपणे जिंकता येईल असा तेवढाच एक.

अडचण आहे ती गणिताची. दरवर्षी खेळणारे घटतात आणि चषक वाढतात. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे. थंडीपुरते येणारे सभासद एप्रिलनंतर उत्तरेला पळतात. म्हणजे सगळी पुण्यस्मरणं नोव्हेंबर ते एप्रिलच्या मंगळवारांत कोंबायची. मग एकाच फेरीवर तीन-तीन चषक लावतात : एकूण फटक्यांचा एक, हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिणारी फटक्यांची सूट, वजा जाता एक, आणि स्टेबलफर्ड गुणांचा एक. फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्रज डॉक्टरने १९३२ मध्ये ही गुणपद्धत स्पर्धेत आणली. एका होलवर वाट लागली तरी सगळा दिवस वाया जाऊ नये, एवढीच त्याची माणुसकी. चषकाध्यक्ष त्याचं नाव संतासारखं घेतात. त्यांचा लाडका चषक मात्र वेगळाच : अठरा होलमध्ये आपल्या वयाइतके किंवा त्याहून कमी फटके मारणाऱ्याचा. पासष्टीच्या माणसाला हे जवळजवळ अशक्य. पंच्याऐंशीला आशा असते. दर वाढदिवसाला लक्ष्य एका फटक्याने सोपं होतं. “दुसरा कुठला खेळ म्हातारं झाल्याबद्दल सवलत देतो?” असं ते विचारतात आणि गुडघा चोळतात.

इतके चषक आणि इतके थोडे खेळाडू म्हटल्यावर काहीच न जिंकता हंगाम काढणं कठीण. तरी ज्यांना ते जमतं, त्यांच्यासाठीही एक आहे.

एका बक्षीस समारंभात एक निवृत्त मराठी डॉक्टर जिंकले. सत्तरच्या दशकात शिकागोकडे गेलेले, सांधे कुरकुरू लागल्यावर वाळवंटात आलेले. आडनाव पट्टीत मावेना, म्हणून खजिनदार गंभीर. डॉक्टरांनी चषक हातात घेतला, नाव वाचलं आणि सहज विचारलं, “हे गृहस्थ कोण?”

या प्रश्नासाठीच चषकाध्यक्ष जगतात. ते उठले, मोजे काढले. “हे? ह्यांनी गोल्फची गाडी तळ्यात घातली होती. सातव्या होलवर. आम्ही धावलो. छातीइतक्या पाण्यात उभे राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, माझा चेंडू सापडला का? सापडला म्हटल्यावर म्हणाले, मग दंड नाही ना?” सारा हॉल हसला. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं.

डॉक्टर नंतर म्हणाले, “आमच्याकडे तेराव्याला बाहेरच्या खोलीत सगळे ‘देवमाणूस होता’ म्हणतात. असल्या खऱ्या गोष्टी आत, पोळ्या लाटताना निघतात. हा बुवा आतलं बाहेर बसून सांगतो.”

चषकाध्यक्षांच्या साऱ्या उठाठेवीचं मर्म डॉक्टरांनी नेमकं पकडलं. तळ्यात शिरलेल्या त्या माणसाचा हँडिकॅप किती होता, कुणाला आठवत नाही. तो कुठल्या कंपनीत कोण होता, हे तर त्याच्या हयातीतच लोक विसरले होते. तळं मात्र जागच्या जागी आहे, आणि सातव्या होलवर आलेला प्रत्येक नवा सभासद गाडीचा वेग कमी करतो. चषकावर पराक्रम कोरतात; माणूस मागे उरतो तो फजितीने. त्या फजित्यांचं पुस्तक क्लबात नाही. एकदा समितीने लिहून द्यायला सांगितलं, तर चषकाध्यक्ष म्हणाले, “लिहिलं की नातेवाईक वाचतील, आणि मग सगळेच सज्जन होतील.”

त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाने कशाचा चषक ठेवायचा, यावर समितीत त्यांच्या माघारी चर्चा झाली. अवगुणाच्या उलट गुण, या त्यांच्याच नियमाने मौनाचा चषक असावा, असा ठराव एकमताने संमत झाला. स्पर्धा कशी घ्यायची, एवढंच बाकी आहे.

तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघात, जिमखान्यात, कॅरम मंडळात असा कुणी असेलच. ढाली पुसत बसणारा, गेलेल्या सभासदांची नावं घेत प्रत्येकाला अडवणारा. त्याची थट्टा खुशाल करा, तो रागावणार नाही. पण कधीतरी एखाद्या ढालीवरचं नाव वाचून त्याला विचारा, “हे कोण होते?” आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत घड्याळ बघू नका. नाव कोरून देणारे बाजारात हवे तेवढे मिळतात.