मिलीमीटरमामा

घारापुरीच्या धक्क्यावर उतरून "मामांचं घर कुठलं?" असं विचारलं तर समोरचा बुचकळ्यात पडतो, कारण बेटावर मामा पुष्कळ. "मिलीमीटरमामा" म्हटलं की मात्र शेंबडं पोरही बोट दाखवतं आणि वर विचारतं, "वाजले किती?" सकाळचे साडेआठ होत आले असतील तर जरा थांबून जा, एवढाच त्याचा अर्थ. साडेआठला मामा कुणाचेच नसतात.

हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे. तुमच्या सोसायटीत तो स्कूटरच्या ॲव्हरेजची वही ठेवतो. टाकी भरली की किलोमीटर लिहितो, भागाकार करतो आणि आकडा बायकोला सांगतो. कुणी रोज विजेचा मीटर वाचतो, कुणी पहाटे वजनकाट्यावर उभा राहतो. मामा ही त्या घराण्याची समुद्रातली शाखा. फरक इतकाच, की बाकीचे स्वतःचं मोजतात आणि मामा आभाळाचं मोजतात.

घारापुरी म्हणजे एलिफंटा. गेटवेवरून लाँचने तासाभरात येते. लोक लेणी बघतात, मक्याचं कणीस खातात, ते माकड हिसकावतं, आणि संध्याकाळी परत. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावं आहेत आणि तिथे माणसं राहतात, हे अनेकांच्या गावीही नसतं. रात्री समोर मुंबई नुसती झगमगत असते. इकडे पक्की वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राच्या तळातून केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर, मग कंदील. नकाशावर गेटवे दहाएक किलोमीटर. पण जुलैत समुद्र खवळला, बावटा चढला आणि लाँच बंद झाली, की ते दहा किलोमीटर तुम्ही कशानेही मोजा.

मामांच्या डोक्यात हे खूळ शिरलं २६ जुलै २००५ ला. दुसऱ्या दिवशी पावसाचे आकडे आले ते सगळ्यांना पाठ आहेत : सांताक्रूझ ९४४ मिलीमीटर, कुलाबा ७३. एकच शहर, एकच दिवस. उत्तरेला माणसं गाड्यांच्या टपांवर चढली आणि दक्षिणेला छत्र्या जेमतेम भिजल्या. मामांनी ते ऐकलं आणि ओटीवर बसलेल्या आईला विचारलं, "मग आपल्याकडे किती पडला?"

म्हातारी म्हणाली, "लय."

तिथे मामा अडकले. लय म्हणजे किती? ७३ च्या बाजूचं लय की ९४४ च्या बाजूचं? त्यांनी शेतबंदरात विचारलं, मोराबंदरात विचारलं. कुणी म्हणालं गुडघाभर, कुणी म्हणालं होडी भरली. एकाने तर, मरणाचा पडला, असं माप सांगितलं. महिन्याभरात मामा मुंबईहून एक पर्जन्यमापक घेऊन आले. लाँचमध्ये तो त्यांनी मांडीवर बाळासारखा धरला होता, असं मामी अजून सांगतात आणि पुढे म्हणतात, "आमच्या पोरांना कधी असं नाही धरलं."

यंत्र साधं आहे. वर कडक काठाचं नरसाळं, खाली बाटली, सोबत रेघा मारलेली काचेची नळी. झाडाखाली ठेवायचं नाही, भिंतीला टेकवायचं नाही. मामांच्या परसात या अटींत बसणारी जागा एकच होती आणि तिथे मामींची वाळवणाची बाज असायची. बाज गेली. त्या वर्षीपासून पापड शेजारच्या अंगणात वाळतात आणि मामी पावसाच्या आकड्याला "तुमचे ते" म्हणतात. "तुमचे ते किती भरले?"

गावाची पहिली अडचण मिलीमीटर या शब्दाची झाली. ज्यांनी आयुष्यभर पाऊस अंगावर घेतला त्यांना हे माप म्हणजे अपमान वाटला. एका म्हाताऱ्या कोळ्याने नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "यवरा पानी परला न तू मिलीमीटरान मोजतस?" मामांनी समजावलं की एक मिलीमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तुमच्या घराचं छप्पर पन्नास चौरस मीटर धरा. शंभर मिलीमीटर पडला तर छपरावर पाच हजार लिटर पडलं. म्हातारा ऐकत राहिला, मग म्हणाला, "त्यातला निम्मा आत येतो." तेव्हापासून दोघांची दोस्ती आहे.

मग पांढरी पेटी आली. चार पायांवर उभी, चारी बाजूंना झडपा, दार उत्तरेला म्हणजे ऊन थेट आत शिरायला नको. आत दोन तापमापक, एक कोरडा आणि एक ओल्या कापडाची वात गुंडाळलेला. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेतला दमटपणा काढायचा. घारापुरीच्या जुलैत हा फरक बहुधा शोधावाच लागतो, तरी मामा तो रोज शोधतात. पेटीचं नाव स्टीव्हन्सनची पेटी. ती बनवणारा थॉमस स्टीव्हन्सन हा स्कॉटलंडचा दीपगृहं बांधणारा इंजिनिअर, आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई त्याचा मुलगा. मामांना याचा फार अभिमान. "बाप बेटांवर दिवे लावायचा, पोरगा बेटांवर खजिने पुरायचा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, जणू स्टीव्हन्सन मंडळी राजबंदरची.

पर्यटकांना ही पेटी देवळी वाटते. एक बाई चप्पल काढून, पदर घेऊन उभी राहिली आणि तिने मामींना विचारलं, "कुठला देव?" मामी भाजी निवडत होत्या. "वारा," म्हणाल्या. बाईने दहाची नोट झडपेत खोचली. मामांनी त्या दिवशीच्या नोंदीत शेरा लिहिला : "झडपेत अडथळा, रु. १०."

पण मामांचे खरे शत्रू पर्यटक नाहीत, माकडं आहेत. ओल्या तापमापकाची वात त्यांनी किती वेळा पळवली याला गणती नाही (मामांकडे अर्थात आहे). एकदा ऐन श्रावणात, सव्वाआठला, मोजायला पंधरा मिनिटं उरली असताना एका माकडाने नरसाळं उपटलं, बाटली काढली आणि गटागटा पाणी प्यायलं. मामा खिडकीतून बघत होते. धावले, पण उशीर झाला. आता उरलेलं पाणी मोजावं, तर तो आकडा खोटा. माकड साधारण किती प्यायलं असेल ते मिळवावं, तर तो अंदाज, आणि अंदाज हा शब्द मामांच्या घरात शिवीसारखा आहे. शेवटी त्यांनी लाल शाईने लिहिलं, "माकड. नोंद रद्द." सगळ्या वह्यांमधली ही नोंद त्यांना सर्वांत जास्त सलते. "एका दिवसाने महिन्याची बेरीज गेली," असं ते अजून म्हणतात, घरातलं माणूस गेल्यासारखं.

वारा मोजायला मात्र विकतचं यंत्र परवडेना, म्हणून मामांनी मामींच्या रुखवतातल्या चार स्टीलच्या वाट्या काढल्या, दोन आडव्या पट्ट्यांच्या टोकांना डकवल्या आणि बांबूवर चढवल्या. एका मिनिटात किती गिरक्या, त्यावरून वेग. ते चक्र फिरलंही चांगलं, १७ मे २०२१ पर्यंत. त्या दिवशी तौक्ते वादळ समुद्रातून मुंबईला घासून गेलं. कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. मामा गिरक्या मोजत दारात उभे होते. चाळीसपर्यंत मोजल्या, पुढे मोजायला चक्रच राहिलं नाही. एक वाटी आठवड्याने वरती तोफेच्या टेकडीवर सापडली, एक शेजारच्या कौलांत. उरलेल्या दोन अरबी समुद्राकडे जमा आहेत. मामी आजही पाहुण्यांना आमटी वाढताना दोघांना वाटी देतात आणि तिसऱ्याला फुलपात्र, आणि का ते सांगतात.

गंमत अशी, की मामांच्या या सगळ्या खटाटोपातून गावाला हवं ते काहीच मिळत नाही. गावाला उद्या हवा आहे. उद्या लाँच सुटेल का, जाळी वाळतील का, पोरीच्या बारशाला मांडव घालू का ताडपत्री. लोक मामांना विचारतात, आणि मामा गंभीर चेहऱ्याने काल सांगतात. "काल सकाळी साडेआठ ते आज साडेआठ, ६२.४." विचारणारा म्हणतो, "ते मी बघितला, भिजलो होतो." मामा म्हणतात, "पण किती भिजलात ते तुम्हाला माहीत नव्हतं."

उद्या हे खातं दुसऱ्यांकडे आहे. एक म्हातारी पंचांग उघडून नक्षत्राचं वाहन सांगते. म्हैस किंवा बेडूक असलं तर सगळे ताडपत्री काढतात, गाढव असलं तर उसासे टाकतात. दुसरा तांडेल. तो सकाळी धक्क्यावर उभा राहून उरणच्या बाजूला बघतो, नाक जरा वर करतो आणि म्हणतो, "तीनची शेवटची. मंग नाय." भरतीचा हिशोब त्याच्या बोटांवर असतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, एकादशीला सव्वाआठ. मामा या हिशोबाला मान देतात, कारण त्यात गुणाकार आहे. नाक वर करण्याला देत नाहीत.

त्या नाकाला मान न दिल्याचं फळ मी स्वतः भोगलं आहे. एका ऑगस्टमध्ये मामांकडे जेवायला गेलो होतो. तांडेलाने तीन म्हणून बजावलं होतं. अडीचला मी चपला घालत होतो. तेवढ्यात मामांनी वायुभारमापक दाखवायला काढला. हवेचा दाब आपल्याकडे दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, अगदी समुद्राच्या भरतीओहोटीसारखा, हे त्यांनी मला आलेख काढून समजावलं. खरोखर सुंदर गोष्ट आहे ती. तीन वाजून दहा मिनिटांनी ती मला पूर्ण समजली. रात्री मामींनी सतरंजी घालता घालता म्हटलं, "भाऊजी, तुम्ही यंदाचे तिसरे."

पण त्या मुक्कामामुळे मला साडेआठचा सोहळा बघायला मिळाला. रात्रभर धो धो चालू होतं. आठ पंचविसाला मामा छत्री न घेता परसात गेले (छत्रीचं पाणी नरसाळ्यात ठिबकतं), चिखलात दोन्ही गुडघे टेकले, बाटली नळीत रिकामी केली आणि मान वाकडी करून डोळा बरोबर पाण्याच्या रेषेवर आणला. नळीत पाणी कडेला चढतं आणि मधे दबतं. वाचायचं ते मधलं. मला बोलावून म्हणाले, "तुम्ही वाचा." मी सत्तेचाळीस म्हटलं. मामा काही बोलले नाहीत. टॉवेलला हात पुसला, वही उघडली, ४६.८ लिहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दशांश चिन्हाशी प्रतारणा केली आहे.

वह्या मी चाळल्या. पावसाळा वाचायला मजा येते, पण निम्म्याहून अधिक पानं शून्यांची आहेत. डिसेंबर ते मे, एकाखाली एक, ०.०, ०.०, ०.०. मी म्हटलं, कोरडे महिने सोडून का देत नाही? मामा म्हणाले, "कोरी जागा म्हणजे मी बघितलं नाही. शून्य म्हणजे मी बघितलं आणि पडला नाही." एका एप्रिलच्या पानावर शून्याभोवती पिवळा डाग होता. तो मुलीच्या लग्नाचा दिवस. आदल्या रात्रीच्या हळदीने बोटं माखलेली, दारात वाजंत्री, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि वधूपिता परसात गुडघ्यावर बसून कोरड्या बाटलीत डोकावत होता.

वीज आल्यावर मोराबंदरच्या एका भाच्याने आपोआप मोजणारं यंत्र बसवलं. आत छोटं पळीसारखं डोलणारं भांडं, ०.२ मिलीमीटर भरलं की कलंडतं आणि मोबाइलवर आकडा येतो. मामांनी आधी कौतुक केलं. मग दोघांच्या आकड्यांत सहा मिलीमीटरचा फरक आला आणि दिवाळीपर्यंत बोलणं बंद झालं. मामांचं म्हणणं, मुसळधार पावसात ते भांडं कलंडत असताना पडलेलं पाणी हिशोबातून सुटतं. भाच्याचं म्हणणं, मामांचा डोळा सुटतो. मी मध्यस्थी करायला गेलो. म्हटलं, अहो, मुंबईत दोन ठिकाणी ८७१ मिलीमीटरचा फरक पडला होता, तुम्ही सहावर कसले भांडता? दोघंही एकदम माझ्यावर उलटले. बोलणं सुरू झालं ते असं.

दर महिन्याच्या एक तारखेला मामा बेरीज करून एका सरकारी कचेरीला पाठवतात. इतक्या वर्षांत एकदा उत्तर आलं : "आपले पत्र उचित कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे." ते त्यांनी चौकटीत बसवून वायुभारमापकाशेजारी लावलं आहे. कार्यवाही झाली का, असं मी एकदाच विचारलं. मामा म्हणाले, "पुन्हा २६ जुलै झाला तर कुलाब्याचा आकडा असेल, सांताक्रूझचा असेल. आमचा पण असेल. तेव्हा त्यांना लागला तर देऊ."

तर घारापुरीला गेलात तर त्या परसातल्या नरसाळ्यात शेंगांची टरफलं टाकू नका, आणि पांढऱ्या पेटीला नमस्कार खुशाल करा, पण नोट खोचू नका. साडेआठनंतर गेलात तर चहा मिळेल, वाटीचा किस्सा मिळेल आणि कालचा पाऊस दशांशासकट मिळेल. परतीच्या लाँचचं मात्र धक्क्यावरच, तांडेलाला विचारून ठेवा.