ऱ्हस्व धंदा, दीर्घ वाद

कोकणात धंदा काढायचा तर भांडवल लागतं, परवाने लागतात आणि मे महिन्यात मुंबईहून आलेला एक पुतण्या लागतो. पहिल्या दोन गोष्टींसाठी खेपा माराव्या लागतात. पुतण्या आपणहून येतो, चहा घेतो आणि विचारतो, "काकी, ब्रँडचं स्पेलिंग काय ठरवलंस?"

समजा, धामापुरात चार बायकांनी मिळून कोकम सरबताचा धंदा काढला. हे समजायचंच, कारण खरोखर काढला असता तर त्या आत्ता रातांबे फोडून सालं साखरेत घालत बसल्या असत्या. सदरात यायला त्यांना सवड मिळाली नसती. नावाचा प्रश्न खरं तर पडायलाच नको. गावातलं तळं १५३० सालचं, विजयनगरच्या अमलाखालच्या नागेश देसायांनी बांधलेलं. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. काठावर भगवतीचं देऊळ. जवळजवळ पाच शतकं पाणी राखलेल्या गावाचं नाव बाटलीवर टाकायचं, झालं. 'धामापूर कोकम'. हे ठरायला पाच मिनिटं लागतात. ते लिहायचं कसं, हे ठरेपर्यंत पुढचा हंगाम उजाडतो.

पहिला मान गुरुजींचा. गुरुजी निवृत्त झाले, त्यांचं शुद्धलेखन अजून नोकरीत आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार घातले. त्यांतला एक नियम खास गावांसाठी आहे: गावाच्या नावाला लागणाऱ्या 'पूर'मधला पू दीर्घ. नागपूर, सोलापूर, म्हणून धामापूर. विषय संपला. पण लेबलच्या खालच्या ओळीत 'धामापुरात बनवलेले' असं छापायचं निघालं आणि गुरुजींनी स्वतःच्या हाताने तोच पू ऱ्हस्व केला.

"एकाच लेबलवर दोन स्पेलिंगं?" पुतण्या दचकला.

"चूक नव्हे ती. सामान्यरूप आहे," गुरुजी म्हणाले.

"सामान्य नको, गुरुजी. आपल्याला प्रीमियम हवंय."

गुरुजी उठले. जाता जाता 'ऱ्हस्व' हा शब्दच मुळात 'ह्रस्व' असा लिहावा, एवढी दुरुस्ती सुचवून गेले. आखूड स्वराला काय म्हणायचं यावर एकमत आहे. ते लिहायचं कसं यावर नाही. तिथे सरबताचं काय घेऊन बसलात!

मग रोमन लिपी आली. पू-साठी यू घ्यायचा की डबल ओ? डबल ओ घेतला तर शेवटी 'पुअर' दिसतं, आणि गरीब ब्रँडला मॉलच्या फळीवर कोण उभं करणार? यू घेतला तर तो कोणी कसाही वाचेल. शेवटी कुडाळहून एक अंकशास्त्रज्ञ बोलावले. त्यांच्या हिशेबाने नावात एक ए जादा हवा होता. कुठेही चालला असता. ए फुकट होता, सल्ला नव्हता.

काकी इतका वेळ बाटल्या पुसत होती. ती म्हणाली, "झिला, ता रवांदे. झाकणातसून सरबत गळता हा, ता बग आधी."

झाकण विषयपत्रिकेवर नव्हतं. ते पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं.

हसू नका. मोठ्या घरांत हेच चालतं, फक्त तिथे चहाबरोबर बिस्किटं असतात. धामापूरला रेल्वेने यायचं तर कुडाळला किंवा सिंधुदुर्ग स्थानकावर उतरायचं. तुम्हाला आणणाऱ्या कंपनीचं नाव मराठीत 'कोकण रेल्वे', हिंदीत 'कोंकण रेलवे'. लिपी एक, रूळ एक, कंपनी एक. अनुस्वार मात्र भाषा बघून चढतो-उतरतो. एके काळी मराठी पुस्तकांतही 'कोंकण'च छापत असत. पुढे न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना नियमाने रजा दिली. मालवणी नाकापर्यंत तो आदेश पोचलाच नाही. ते अजून अनुस्वारासकट बोलतं.

मे २०२५मध्ये राज्य सरकारने ही कंपनी भारतीय रेल्वेत विलीन करायला संमती दिली. अट घातली, की 'कोकण रेल्वे' हे नाव कायम राहिलं पाहिजे. अट अगदी रास्त आहे. दुसरा मार्ग कधी टाकायचा, पैसे कुठून आणायचे, या किरकोळ गोष्टी दिल्लीने बघाव्यात, नाव आमचं. फक्त अनुस्वाराचा ताबा कोणाकडे, हे कागदावर आणून घ्यावं. नाहीतर उद्या गाडी आपली आणि टिंब केंद्राचं, असं व्हायचं.

त्याच मार्गावरच्या कणकवलीच्या रोमन नावात रेल्वे 'व्ही'नंतर एक ए घालते, गाव बहुधा घालत नाही. अंकशास्त्रज्ञांनी दोघांच्या भरभराटीची तुलना करायला हरकत नाही. वेंगुर्ल्याची गोष्ट त्याहून वरची. सरकारी कागदावर वेंगुर्ला, बोलताना वेंगुर्लं, लिहिताना कोणी वेंगुर्ले. तिथल्या संशोधन केंद्राने काजूच्या जाती काढल्या आणि त्यांना 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' अशी नावं दिली. काजूने ती निमूट घेतली. झाडाला शुद्धलेखन शिकवलेलं नसतं, म्हणून ते वेळेवर धरतं.

मग पाट्यांचा कायदा आला. २०२२ साली सुधारणा झाली आणि लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची ठरली. देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, हेही ठरलं. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. कायदा चांगलाच आहे. अक्षर किती मोठं हवं ते त्याने ठरवलं, कोणतं हवं ते रंगाऱ्यावर सोडलं. त्यामुळे बुटांच्या एका अमेरिकन कंपनीला कोणी 'नाइके' लिहितं, कोणी 'नायके'. कंपनी स्वतःला 'नायकी' म्हणवून घेते. आमच्याकडे मात्र तिला सरळ 'नाईक' म्हणतात. सिंधुदुर्गात नाईक उदंड. त्यांतल्याच कोणाच्या तरी पुतण्याने अमेरिकेत चपलांचं दुकान टाकलं असणार, अशा समजुतीने लोक ते बूट जरा अभिमानाने घालतात.

पैशाच्या व्यवहारात तरी अक्षरं चोख असावीत ना? तर 'बँक' हा शब्दच दोन तऱ्हांनी लिहितात. एकांच्या मते ब-वर चंद्रबिंदू. दुसऱ्यांच्या मते ॲ-ची चंद्रकोर वेगळी आणि तिच्यावरचा अनुस्वार वेगळा, म्हणजे 'बॅंक'. पाटीवर दोन्ही इतकी सारखी दिसतात, की कोणती कुठली हे लावणाऱ्यालाही सांगता येत नाही. संगणक मात्र ती वेगळी मोजतो. यावर दोन सुशिक्षित माणसं अर्धा तास भांडू शकतात. भांडण संपेपर्यंत बँकेची जेवणाची सुट्टी झालेली असते.

आणि पतंजली. मराठीचा नियम असा, की शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ. म्हणून वर्तमानपत्राच्या बातमीत 'पतंजली'. कंपनी देवनागरीत आपलं नाव 'पतंजलि' असं लिहिते, ऱ्हस्व. त्यामुळे एकाच पानावर बातमीत दीर्घ आणि शेजारच्या जाहिरातीत ऱ्हस्व, असं शेजारधर्माने नांदतं. बातमीला व्याकरण लागू असतं. जाहिरातीचे पैसे आलेले असतात.

आपल्या चार बायका यातलं काहीच न वाचता परवान्याला निघाल्या. अन्न परवान्याचा अर्ज भरताना सेवा केंद्रातल्या मुलाने घाईत 'धामापुर' टाकलं. बँकेच्या खात्यावर 'धामापूर' होतं. लेबलच्या मसुद्यात जादा ए होता. उद्योग नोंदणीत, कोणाच्याही डोक्यात नसताना, 'धर्मापूर' उमटलं होतं. तफावत दूर करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं: 'वरील चारही नावे एकाच धंद्याची असून त्यांपैकी कोणत्याही नावाने आलेली रक्कम स्वीकारण्यास आमची हरकत नाही.' त्या कागदातलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य. प्रतिज्ञापत्राच्या मथळ्यात मात्र टंकलेखकाने 'प्रतिद्न्यापत्र' केलं होतं. तेही नीट करून आणायला सांगितलं गेलं.

खरी गंमत पुढेच आहे. या सगळ्या भांडणाला कोर्टात फारशी किंमत नाही. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे 'ग्लुकोविटा' आणि 'ग्लुविटा' उभे होते. न्यायालयाने दोन्ही नावं फसगत होण्याइतकी सारखी ठरवली. १९६२ साली 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' आले. तीही सारखीच वाटतील, असं म्हटलं गेलं. न्यायालयाने डोळ्यांपुढे ठेवला तो साधारण बुद्धीचा, अर्धवट आठवणीचा गिऱ्हाईक. म्हणजे 'अमुकच आण' असं चारदा बजावून बायकोने मालवणच्या बाजारात पाठवलेला कोणताही नवरा. तो पाटी वाचत नाही. नाव कानात घोळवत जातो आणि जवळपासचं काहीतरी घेऊन येतो. आपला कायदाही बराचसा कानानेच वाचतो. गुरुजींचा दीर्घ पू त्याला ऐकूच येत नाही.

आणि कानावर विसंबल्याने कोकणचं काही बिघडलेलंही नाही. पोर्तुगीज 'अफोन्सो' आमच्या कानांवर पडला, कानांनी त्याला घरचं वळण लावलं आणि त्याचा 'हापूस' झाला. या किनाऱ्यावरचा सर्वांत महाग ब्रँड ही मुळात एक स्पेलिंग मिस्टेक आहे. त्या वेळी एखादा पुतण्या हजर असता तर तो 'ब्रँड कन्सिस्टन्सी'साठी अडून बसला असता. आपण आज अफोन्सोच्या पेट्या भरत असतो आणि त्या विकल्या जात नसत्या.

त्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. आता एप्रिलात मुंबईच्या एखाद्या नाक्यावर उभे राहा. कर्नाटकातून आलेल्या आंब्याची पेटी बघा. तिच्यावर 'देवगड हापूस' असं ठळक, सुबक, निर्दोष छापलेलं असतं. ग ग-च्या जागी, ड ड-च्या जागी. आता देवगडच्या एखाद्या बागायतदाराने पाहुण्यांसाठी बांधलेला खोका बघा. बिस्किटांचा जुना पुठ्ठा, सुतळी आणि वर स्केचपेनने 'देवगढ'. रोमनमध्ये लिहिलं असेल तर कधी 'व्ही', कधी 'ओ'. आंबा मात्र आतला खरा.

मला एवढंच म्हणायचं आहे. फसवणारा शुद्धलेखनात सहसा चुकत नाही. त्याच्याकडे दाखवायला नावच असतं, ते तो जपून लिहितो. ज्याच्याकडे माल असतो त्याचं लक्ष मालावर असतं आणि वेलांटी निसटते. आपण मात्र पेटी न उघडता वेलांटी तपासतो आणि आपण चोखंदळ आहोत असं समजतो.

धामापूरच्या देवीचा कारभार याबाबत फार स्वच्छ होता, असं जुनी माणसं सांगतात. घरात लग्न निघालं की हवे तसे दागिने फुलांचे करायचे, परडीत घालून तळ्यात सोडायचे. परडी बुडायची आणि सोन्याने भरून वर यायची. कार्य झालं की दागिने परत. अर्ज नाही, ओळखपत्र नाही, नावातली तफावत नाही. फुलांच्या पाटल्यांचं स्पेलिंग काय, असं देवीने कधी विचारलं नाही. पुढे एकाने दागिने परत केले नाहीत आणि योजना बंद पडली. नोंद घ्या: देवीची सोय लबाडीमुळे बंद झाली, ऱ्हस्व-दीर्घामुळे नव्हे. आपल्याकडे दोन्हींचा बंदोबस्त एकाच कारकुनाकडे दिलेला असतो, आणि त्याला त्यातलं एकच ओळखता येतं.

देवगडकरांना हे आमच्याआधी उमगलं. नाव कितीही नीट लिहिलं तरी चोर ते आपल्याहून नीट लिहितो, हे बघून त्यांनी नावाचा नाद जरा सैल केला. २०२५च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळावर सांकेतिक क्रमांकाचा स्टिकर लावायचं ठरवलं. क्रमांक पडताळा, मग आंबा खा. क्रमांकाला वेलांटी नाही, उकार नाही, अनुस्वार नाही. गुरुजी बेकार, अंकशास्त्रज्ञ मात्र खूश.

ही बातमी मी धामापूरच्या त्या काल्पनिक बैठकीत सांगितली. सगळ्यांना पटली. बाटलीवर नावाऐवजी नुसता आकडा टाकायचा, असा ठराव एकमताने मंजूर झाला. काकीने झाकणाला रबराची वायसर आणायचंही त्यातच मंजूर करून घेतलं. आता वाद एवढाच उरला आहे, की तो आकडा मराठी अंकांत छापायचा की इंग्रजी.